रिबाउंड मिळाला, वर टाकू की बाहेर देऊ?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू कॉलेजच्या बास्केटबॉल संघात सेंटर (रिंगजवळ खेळणारी) आहेस, उंची पाच फूट नऊ इंच. सामन्यात सहा-सात ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच संघाच्या चुकलेल्या शॉटचे बॉल) मिळतात, पण त्यातून गुण होतात जेमतेम चार. उरलेल्या वेळी एकतर शॉट ब्लॉक होतो, नाहीतर कुठलीतरी गार्ड खालून हात घालून बॉल काढून नेते. सर ओरडतात, ‘मिळाला की लगेच वर टाक!’ कॅप्टन म्हणते, ‘बाहेर दे!’ कोणाचं ऐकायचं?

दोघंही अर्धं खरं सांगतायत. वर टाकायचा की बाहेर द्यायचा हे तुझ्या अंगावर असलेली मुलगी त्या क्षणी हवेत आहे की पाय रोवून उभी आहे, यावर ठरतं. आणि ते तुला बॉल हातात पडायच्या आधी कळलेलं हवं. सहा-सात रिबाउंड खेचणाऱ्या मुलीला रिबाउंड कसा घ्यायचा हे मी काय सांगणार? तुझं अडतंय ते पकडल्यानंतरच्या एका सेकंदात. त्याचं मूळ मात्र पकडण्याआधीच्या सेकंदात आहे.

आधी हे बघ की ऑफेन्सिव्ह रिबाउंड इतका मोलाचा का. नुसती एक जास्तीची संधी मिळते म्हणून नाही. शॉट सुटला की समोरच्या संघातल्या पाचही जणी मान वळवून रिंगकडे बघतात. बॉक्स आउट करायला (अंगाने अडवून रिबाउंडची जागा धरायला) आत सरकतात, आपापली खेळाडू पाठीमागे सोडतात. त्यांचा बचाव इतका विस्कटलेला एरवी कधीच नसतो. एखादा सेट (आखलेली चाल) खेळून तुम्हाला तो असा विस्कटता येणार नाही. पण ही अवस्था दीड-दोन सेकंदच टिकते. तेवढ्यात काही केलं तर फायदा, नाहीतर तू पाच जणींच्या घोळक्यात बॉल धरून उभी. तुझा बॉल खालून जातो तो नेमका तेव्हा.

दुसरी बाजूही लक्षात ठेव. रिंगखाली बॉल गमावणं हे मध्यरेषेजवळ गमावण्याइतकंच महाग पडतं, कारण रिबाउंडसाठी तुमच्या दोन-तीन जणी आत घुसलेल्या असतात आणि मागे कोणी नसतं. ब्लॉक झालेला शॉट समोरच्या गार्डच्या हातात पडला की पुढचा ले-अप (रिंगजवळ जाऊन मारलेला सोपा शॉट) जवळपास फुकट. त्यामुळे ‘काहीही होवो, वर टाक’ हा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

आता पकडण्याआधीचं. शॉट हवेत असतो सेकंदभर, लांबून असेल तर थोडा जास्त. या वेळात सगळ्या जणी बॉलकडे बघतात, तूही बघत असणार. सवय बदल: बॉल हातातून सुटताना त्याचा कोन बघ, मग एकदा खाली नजर टाक, मग परत वर. खालच्या त्या एका नजरेत दोनच गोष्टी टिपायच्या: माझ्यावरची मुलगी कुठल्या खांद्याला आहे, आणि आपली शूटर कुठल्या बाजूला मोकळी आहे. एवढं पुरतं. कॉर्नरमधून चुकलेला शॉट बहुतेकदा पलीकडच्या बाजूला जातो, लांबचा थ्री (तीन गुणांचा शॉट) चुकला तर लांब उडतो, हे तुला अंगवळणी असेलच, त्यामुळे बॉलवरून क्षणभर नजर हटली म्हणून काही बिघडत नाही.

उतरणं हा भाग मी जास्त वेळ घेऊन सांगतो, कारण तुझे ब्लॉक इथे होतायत असा माझा अंदाज आहे.

रिबाउंडसाठी तू एकटी उडत नाहीस, तुझ्यावरची मुलगीही उडते. दोघी खाली येता आणि खरी शर्यत तिथून सुरू होते: दुसरी उडी कोणाची आधी? तू बॉल उंचावर पकडलास आणि ती तुझ्याआधी उतरली, तर तुझे पाय टेकेपर्यंत तिचे गुडघे वाकलेले असतात, हात तयार असतात. तू सरळ वर गेलीस की ब्लॉक ठरलेला. इथे फेक हवा, म्हणजे शॉट मारण्याचं नुसतं नाटक. खांदे आणि बॉल कपाळापर्यंत न्यायचे, पण गुडघे वाकलेलेच ठेवायचे. गुडघे सरळ झाले तर ती उडाल्यावर तुझ्याकडे उडायला काही उरत नाही. ती वर गेली की तिच्या बगलेखालून एक पाऊल आत आणि मग शॉट.

याउलट ती तुझ्याबरोबर किंवा तुझ्यानंतर उतरत असेल, किंवा धक्क्याने बाजूला कलंडली असेल, तर फेक करणं म्हणजे तिला सावरायला वेळ देणं. तेव्हा पाय टेकले की लगेच वर. कॉलेज पातळीवर मला दिसतं ते बरोबर उलटं: समोरची पडता पडता वाचलेली असते तेव्हा मुली फेक करतात, आणि ती रोवून उभी असते तेव्हा सरळ वर जातात. कारण फेक करायचा की नाही हे त्यांनी घरूनच ठरवून आणलेलं असतं.

ती आधी उतरली की नंतर, हे बघायला वेळ नसतो. ते अंगाला कळतं. पाठीवर किंवा कमरेवर तिचा भार असेल तर ती अजून तोल सावरतेय. अंगाला काहीच लागत नसेल तर ती मागे सरकून उडीच्या तयारीत आहे. बॉल पकडताना स्पर्श नाही म्हणून ‘मी मोकळी आहे’ असं समजू नकोस. बहुतेक ब्लॉक अशाच निवांत वाटणाऱ्या शॉटवर बसतात.

उतरायचं दोन्ही पायांवर, एकाच वेळी, खांद्यांपेक्षा जास्त अंतर ठेवून. दोन्ही पाय एकदम टेकले तर कुठलाही पाय पिव्हट (रोवून त्याभोवती वळायचा पाय) करता येतो, म्हणजे दोन्ही बाजूंना वळायची मुभा राहते. एका पायावर उतरलीस तर निम्मे पर्याय तिथेच संपले. बॉल हनुवटीच्या खाली जाऊ द्यायचा नाही. कोपरं बाहेर, पण फिरवायची नाहीत, पंच फाऊल देतील आणि ते बरोबरच असेल. तू पाच फूट नऊ आहेस. बॉल पोटाशी आणलास की पाच फुटी गार्डच्या उंचीचा तोटा तू स्वतःहून भरून काढलास. आणि ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटणं) नको. रिंगखालच्या गर्दीत मारलेला एक ड्रिबल म्हणजे समोरच्यांना बॉल देऊ करणं. पाठीवर अडकलेल्या मुलीला रेटत दोन्ही हातांनी एकच जोरदार ड्रिबल मारून रिंगजवळ सरकणारे खेळाडू असतात, पण ते नंतर शिक.

उतरलीस ती जागाही बघ. थेट जाळीखाली किंवा बोर्डाच्या मागे असशील तर तिथून शॉट नाहीच, रिंगच आड येते. तिथे फक्त पास, किंवा एक पाऊल टाकून पलीकडच्या बाजूने रिव्हर्स. रिव्हर्समध्ये रिंग आणि जाळी तुझ्या बाजूने लढतात, मागून येणाऱ्या हाताला ती पार करावी लागते. उंची कमी असणाऱ्यांनी हा शॉट दोन्ही हातांनी घोटून ठेवावा.

टॅपबद्दल, म्हणजे बॉल न पकडता बोटांनी ढकलण्याबद्दल, एक वाक्य: फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमात बॉल रिंगला लागल्यावर तो रिंगवर घुटमळत असला तरी टॅप करता येतो, एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) तसा करता येत नाही. पण इन्स्टाग्रामवरच्या त्या टॅप-डंकचा तुला-मला उपयोग नाही. दोन्ही हात पोचत असतील तर पकड.

स्वतःच चुकवलेल्या शॉटचा रिबाउंड ही वेगळी गोष्ट आहे. शिकागो स्कायकडून खेळताना एंजल रीसने २०२४ च्या पहिल्याच डब्ल्यूएनबीए (महिलांची एनबीए) मोसमात सामन्यामागे १३.१ रिबाउंड घेतले. तो विक्रम होता. पण तिच्या फील्ड गोलची (खेळ चालू असताना मारलेल्या शॉटपैकी आत गेलेल्यांची) टक्केवारी जेमतेम ३९ होती. रिंगखाली खेळणाऱ्या खेळाडूसाठी हा आकडा फार कमी आहे, आणि त्यामागे गर्दीतून पुन्हापुन्हा वर टाकलेले शॉट बरेच होते. लोकांनी तिची भरपूर टर उडवली. पुढच्या मोसमात तीच टक्केवारी ४५ च्या वर गेली आणि रिबाउंड तरीही साडेबारापर्यंत राहिले. मला या उदाहरणात टर उडवण्यासारखं काही दिसत नाही. आपला शॉट कुठे चुकणार हे मारणाऱ्याला सगळ्यांआधी कळतं, त्यामुळे तो रिबाउंड घेणं हे कौशल्यच. एनबीएतल्या मोझेस मलोनने १९७८-७९ च्या मोसमात ५८७ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले, त्यातही असे बरेच होते. पण मलोन त्या घोळक्यातून फाऊल काढून फ्री थ्रोच्या रेषेवर जायचा, आणि फ्री थ्रो मारायचाही चांगले. स्वतःचा शॉट चुकल्यावर नजर रिंगला चिकटलेली असते, मोकळी शूटर दिसत नाही. म्हणून माझ्या खेळाडूंना मी मर्यादा घालतो: स्वतःच्या चुकलेल्या शॉटवर एकदा परत वर जा. दुसऱ्यांदाही चुकला आणि बॉल परत तुझ्याच हातात आला तर बाहेर. तोपर्यंत तिथे चौघी जमलेल्या असतात आणि त्या कोणाला तरी सोडून आलेल्या असतात.

आता कॅप्टनचं ‘बाहेर दे’. यातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तू बहुधा पाहिलं असशील. १८ जून २०१३, मायामी, एनबीए फायनलचा सहावा सामना. सॅन अँटोनियो स्पर्स मालिकेत ३-२ ने आणि सामन्यात ९५-९२ ने पुढे. मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा थ्री चुकला. त्याच्याच संघातल्या ख्रिस बॉशने घोळक्यात उडी मारून तो रिबाउंड दोन्ही हातांनी पकडला आणि उतरताच उजव्या कॉर्नरला रे ॲलनला दिला. ॲलनने ५.२ सेकंद बाकी असताना थ्री मारला, बरोबरी झाली, मायामी ओव्हरटाइममध्ये १०३-१०० ने जिंकले आणि पुढे विजेतेपदही.

लोक ॲलनचा शॉट बघतात. तू तो तुकडा परत लाव आणि आधी बॉश बघ. तीन गुणांनी मागे असताना रिंगखालून दोन गुण घेऊन उपयोग नव्हता, त्यामुळे बॉल पकडायच्या आधीच त्याचा निर्णय झालेला होता. त्याने बॉल खाली आणला नाही, ड्रिबल केला नाही, वळताना डोक्याच्या उंचीवरून पास दिला. मग ॲलन बघ. शॉट सुटला तेव्हा तो आत रिंगकडे निघाला होता. बॉल बॉशच्या हातात दिसताच तो उलट्या पावलांनी कॉर्नरकडे गेला आणि मागे न बघता रेषेबाहेर थांबला. आत पडून, उठून, उलट पावलांनी कॉर्नरला जाऊन शॉट मारण्याचा सराव तो वर्षानुवर्षं करत होता. ही गोष्ट तुझ्या कॅप्टनला वाचून दाखव. बाहेरची मुलगी एकाच जागी पुतळ्यासारखी उभी राहून ‘दे, दे’ ओरडत असेल, तर रिंगखालची काय करणार? तिला दिसेल अशा रिकाम्या फटीत सरकणं, आणि तुझ्या नावाने हाक मारणं, हे बाहेरच्यांचं काम आहे.

पास कसा द्यायचा ते सांगतो. छातीच्या उंचीवरून रिंगसमोरून आडवा पास कधीही देऊ नकोस, तिथे हातच हात असतात. डोक्यावरून, दोन्ही हातांनी. तोंड बेसलाइनकडे (रिंगमागच्या सीमारेषेकडे) असेल तर जवळच्या कॉर्नरला. पाठ बेसलाइनकडे असेल तर वर उभ्या असलेल्या गार्डकडे, तो सगळ्यात सुरक्षित पास. आणि देण्याआधी मान वर करून अर्ध्या क्षणासाठी रिंगकडे बघ, त्याने तुझ्यावरची मुलगी वर ताणली जाते आणि पासची वाट मोकळी होते.

पास दिल्यावर बहुतेक सेंटर थांबतात, जणू काम संपलं. खरा फायदा मी इथे बघतो. बॉल बाहेर गेला की तुझ्यावरची मुलगी बॉलच्या दिशेने मान फिरवते, आणि तू रिंगपासून एका पावलावर असतेस. तिला पाठीवर घे, हात वर कर, बॉल परत माग. शूटर मोकळी असेल तर ती शॉट मारेल. तिच्यावर कोणी धावत आलं तर बॉल तुझ्याकडे परत येईल, आणि या वेळी तू तोल सावरलेली, रिंगला तोंड केलेली असशील. शॉट चुकलाच तर बॉक्स आउटची सर्वांत चांगली जागाही तुझीच. पाच फूट नऊ उंचीच्या सेंटरला मी पहिल्या फटक्यात वर टाकण्यापेक्षा हा मार्ग जास्त वेळा शिकवेन. सहा फूट तीनच्या मुलीला कदाचित नाही.

बॉल पकडता येत नसेल, नुसती बोटं लागत असतील, तर मागे टॅप करणं हा पर्याय आहे. एनबीएतला सेंटर टायसन चँडलरने कारकिर्दीत याचं जवळजवळ शास्त्र केलं होतं. पण आंधळा टॅप करू नकोस. २६ मे २००२ रोजी एनबीएच्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या चौथ्या सामन्यात सॅक्रामेंटोच्या व्लादे दिवाचने दोन गुणांची आघाडी वाचवायला, शेवटच्या क्षणी रिंगखालचा बॉल बाहेर ढकलला. तो नेमका लेकर्सच्या रॉबर्ट हॉरीच्या हातात पडला, हॉरीने भोंग्याबरोबर थ्री मारला, ९९-९७ चे १००-९९ झाले. दिवाच बचाव करत होता, तू आक्रमण करशील, पण टॅप दोघांसाठी सारखाच: तो कोणाकडे चाललाय हे माहीत नसेल तर तो पास नव्हे.

आता घड्याळ. हे नियम पाठ असायलाच हवेत. फिबाच्या नियमात बॉल रिंगला लागून तुमच्याच संघाकडे आला तर शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारा वेळ) १४ सेकंदांचा होतो, परत २४ नाही. २०१४ पासून तसं आहे, एनबीएनेही २०१८-१९ च्या मोसमापासून तेच घेतलं. बॉल रिंगला लागलाच नसेल तर शॉट क्लॉक जिथे होता तिथून पुढे चालू राहतो. म्हणजे शॉट क्लॉकच्या शेवटच्या तीन सेकंदांत मारलेला शॉट रिंगला न लागता तुझ्या हातात आला तर बाहेर पास देऊन खेळ नव्याने मांडायला वेळच नाही, तेव्हा सरांचं ‘वर टाक’ शंभर टक्के बरोबर. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांत शॉट क्लॉकचा फलक नसतो, टेबलावरून ओरडून सांगतात. बेंचवरच्या एका मुलीला हे काम द्या: रिबाउंड झाला की ‘नवा’ किंवा ‘जुना’ एवढंच ओरडायचं.

शेवटच्या मिनिटात सगळे सल्ले गुणफलकापुढे फिके. ३१ मे २०१८, एनबीए फायनलचा पहिला सामना, क्लीव्हलंड आणि गोल्डन स्टेट १०७-१०७. ४.७ सेकंद बाकी असताना क्लीव्हलंडच्या जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो चुकला आणि त्याच्याच संघातल्या जे. आर. स्मिथने तो रिबाउंड घेतला, रिंगखाली, गोल्डन स्टेटच्या केविन ड्युरंटच्या पुढे. वर टाकला असता, फाऊल मिळवला असता, बाहेर लेब्रॉनला (तेव्हा तो क्लीव्हलंडकडे होता) दिला असता किंवा हातात असलेला टाइमआउट घेतला असता, यातलं काहीही चाललं असतं. तो ड्रिबल करत मध्यरेषेकडे निघाला. ओव्हरटाइममध्ये क्लीव्हलंड १२४-११४ ने हरले, लेब्रॉनचे ५१ गुण वाया. स्मिथला गुणफलक माहीत होता की नव्हता यावर नंतर पुष्कळ वाद झाला. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की फ्री थ्रो मारला जात असताना खेळ थांबलेला असतो, ओळीत उभं राहून गुण, वेळ आणि टाइमआउट मोठ्याने बोलायला तेव्हाइतका निवांत वेळ पुन्हा मिळत नाही. तो वापरा.

आणि याचं उलटं, जे फारसं कोणी शिकवत नाही. तुम्ही दोन गुणांनी पुढे आहात, १२ सेकंद बाकी, ऑफेन्सिव्ह रिबाउंड तुझ्याकडे. सामन्यातच १४ सेकंद उरलेले नाहीत, म्हणजे शॉट क्लॉक बंद. तुम्हाला शॉट मारायची गरजच नाही. समोरच्यांना फाऊल करावाच लागणार, तेव्हा संघातली सर्वांत चांगली फ्री थ्रो मारणारी शोध आणि बॉल तिला दे. रिंगखाली खरोखर एकटी असशील तर ले-अप घे, चार गुणांची आघाडी कोणाला नको? पण एक जरी हात समोर असेल तर बाहेर.

सरावाचं एकच सुचवतो. एक जण बोर्डावर बॉल मारेल, तू रिबाउंड घेशील, तुझ्यामागे दोन बचावपटू, बाहेर दोन शूटर. सर तुझ्या पाठीमागे उभे राहून बचावपटूंना बोटांनी खूण करतील: एक बोट म्हणजे तुझ्याबरोबर उडायचं, दोन म्हणजे जमिनीवर थांबायचं, मूठ म्हणजे दोघींनी अंगावर यायचं. तुला खूण दिसणार नाही. पहिल्यात सरळ वर, दुसऱ्यात फेक, तिसऱ्यात बाहेर देऊन परत मागणं. बास्केट झाली की नाही हे मोजायचंच नाही, फक्त निर्णय बरोबर होता की नाही ते मोजायचं. बॉल हनुवटीखाली गेला तर ती फेरी बाद. सिमेंटच्या कोर्टवर असाल तर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, गुडघे तुला अजून बरीच वर्षं वापरायचे आहेत.

सरांशी वाद घालू नकोस. त्यांनाच ही खुणांची जबाबदारी दे. तुझ्या पाठीमागे उभं राहून तुझ्यावरची मुलगी कधी उतरते हे आठवडाभर बघितलं की ‘लगेच वर टाक’ कधी ओरडायचं आणि कधी नाही, हे तेच ठरवू लागतील.